किताबाची वाट

१८४५ साली इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात सर हेन्री जोसेफ टिचबोर्न वारले. घराणे बाराव्या शतकापासून तिथे नांदत आलेले. गावाचे आणि घराण्याचे नाव एकच. सर हेन्रींना सात मुली झाल्या, मुलगा झाला नाही. साहजिकच घराण्याचे बॅरोनेटपद आणि त्यासोबतचे ‘सर’ मुलींना ओलांडून भावाकडे, एडवर्डकडे गेले. एडवर्डचा एकुलता मुलगा सहा वर्षांचा होऊन वारला होता, मागे एक मुलगी तेवढी होती. म्हणून १८५३ साली एडवर्डनंतर पद त्याच्या धाकट्या भावाकडे, जेम्सकडे आले. या सगळ्यात कुणी कुणाची नेमणूक केली नव्हती, की मृत्युपत्रात कुणाचे नाव लिहिले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी दिलेल्या एका सनदेतल्या चार शब्दांनी ठरवून दिलेल्या वाटेने किताब पुढे गेला.

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांचा इतिहास वाचताना मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. किताब कोणी कोणाला देत नाही. मागचा धनी ज्या क्षणी डोळे मिटतो, त्याच क्षणी तो पुढच्याचा झालेला असतो. तो पुढचा कोण, हे लोकांना नंतर शोधून काढावे लागते, आणि कधीकधी त्या शोधात पिढ्या जातात.

आधी ही घराणी कोणती ते पाहू. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन हे पाच दर्जे उमरावांचे. त्यांना पूर्वी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जन्माने जागा मिळे. त्यांच्या खाली जमिनीच्या खंडावर जगणाऱ्या घराण्यांचा मोठा थर होता. गावचे न्यायदंडाधिकारी हेच, चर्चमध्ये पुढचे बाक यांचे आणि गावातली बहुतेक कुळेही यांचीच. या थरातल्या बहुतेकांना किताब नव्हता. नावापुढे ‘एस्क्वायर’ लागले तरी पुष्कळ. काहींना राजा नाइट करी आणि ते ‘सर’ होत, पण तो मान त्यांच्याबरोबरच संपे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा एकच किताब या थरासाठी होता, तो बॅरोनेटचा. बॅरोनेटला ‘सर’ म्हणत, त्याच्या बायकोला ‘लेडी’, पण तो उमराव नव्हे; लॉर्ड्समध्ये त्याला जागा नव्हती.

हा किताब निघाला तोच पैशाच्या निकडीतून. पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात वसाहत उभी करायची होती, तिच्या रक्षणाला फौज हवी होती आणि खजिन्यात खडखडाट होता. २२ मे १६११ रोजी त्याने बॅरोनेटपद सुरू केले. अट अशी की किताब घेणाऱ्याने ३० सैनिकांचा तीन वर्षांचा पगार भरायचा. सैनिकाला रोज ८ पेन्स, म्हणजे तिसांना २४० पेन्स. तेव्हाचा पौंड नेमका २४० पेन्सांचा. रोजचा एक पौंड, तीन वर्षांचे १,०९५ पौंड. शिवाय घेणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न हजार पौंडांचे असावे आणि त्याच्या आजोबांना कुलचिन्ह मिरवण्याचा अधिकार असावा. पहिला बॅरोनेट झाला सफोकमधल्या रेडग्रेव्हचा निकोलस बेकन. अल्स्टरचा लाल पंजा पुढे बॅरोनेटांच्या ढालीवर आला. एका वेळी २०० हून अधिक बॅरोनेट असणार नाहीत, असे राजाने कबूल केले होते. ती मर्यादा फार दिवस टिकली नाही. टिचबोर्नांना किताब मिळाला १६२१ साली.

पैसे मोजून घेतलेला म्हणून या किताबाला हलके लेखणारे तेव्हाही होते. पण घेणारा काय घेत होता ते पाहायला हवे. नाइट होऊन त्याला स्वतःपुरते ‘सर’ मिळालेच असते. हजार पौंड तो मोजत होता ते अजून न जन्मलेल्या नातवा-पणतवांसाठी.

आता ते चार शब्द. बहुतेक सनदांत किताब देताना लिहिलेले असे, की हा मान मूळ धन्याला आणि त्याच्या औरस पुरुष वंशजांना. वंशज म्हणजे मूळ धन्याच्या रक्ताचा. त्याच्या भावाच्या वंशाला काही नाही. पुरुष म्हणजे नुसता वारस पुरुष असून भागत नाही, मधला प्रत्येक दुवाही पुरुषाचा हवा. मुलीचा मुलगा चालत नाही. औरस म्हणजे आईबापांच्या कायदेशीर विवाहातून जन्मलेला. त्यात थोरलेपणाचा नियम मिळवला की वाट पक्की होते. आधी थोरला मुलगा, तो आधीच वारला असेल तर त्याचा मुलगा, मग तो पाळण्यात का असेना. त्याच्यापुढे धाकट्या काकाचा हक्क उभा राहत नाही. थोरली पाती संपली की धाकटी, तीही संपली की आजोबांच्या, पणजोबांच्या भावांच्या वंशाकडे वळायचे, आणि सनद मिळवणाऱ्या पहिल्या पुरुषापर्यंत चढत जायचे. तिथेही कोणी उरले नाही तर किताब संपला.

वारसाचेही दोन प्रकार. थोरल्या मुलाचा हक्क कोणाच्या जन्माने हिरावला जात नाही, तो निश्चित वारस. भाऊ, पुतण्या किंवा दूरचा चुलतभाऊ हा नुसता संभाव्य वारस, कारण धन्याला मुलगा झाला की त्याचा हक्क गेला. धनी सत्तर वर्षांचा असो, पत्नी कितीही वयाची असो. तिच्यानंतर तो तरुण मुलीशी लग्न करणारच नाही, असे कायदा कधी मानत नाही. एडवर्ड टिचबोर्न थोरल्या भावाच्या शेवटच्या दिवसापर्यंत संभाव्य वारसच राहिला.

धाकट्या मुलांच्या वाट्याला काय? नावापुढचे साधे ‘मिस्टर’. युरोपात अनेक ठिकाणी सरदाराचे सगळेच मुलगे सरदार म्हणवत. इंग्लंडमध्ये किताब एकाचा, बाकीचे भाऊ सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत, नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. जमीनदार घराण्यांचे कितीतरी धाकटे मुलगे कंपनीच्या कारभारात आपल्याकडे आले, त्यामागे घरची ही व्यवस्था होती.

मुलींची कथा वेगळी सांगायला नको. १६३५ साली पहिल्या चार्ल्सने मेरी बोल्स या बाईला स्वतःच्या हक्काने बॅरोनेटपद दिले, ते एकमेव उदाहरण. हेम्प्रिग्जच्या डनबर घराण्यासारख्या स्कॉटलंडमधल्या मोजक्या सनदा मुलीला वाट देतात. बाकी सगळीकडे थोरली मुलगी असणे म्हणजे वारसाच्या रांगेत नसणेच. २०१३ च्या कायद्याने इंग्लंडच्या गादीसाठी मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला. किताबांना मात्र तो कायदा लागू नाही. राजकन्येला जो न्याय मिळाला तो जमीनदाराच्या लेकीला अजून मिळू नये, हे मला पटत नाही.

किताबाची ही वाट, तर जमिनीची दुसरी. दोन्ही एकाच्याच हाती जाताना दिसतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो, पण कायद्याने ती वेगळी आहेत. किताब मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. जमीन देता येई, विकता येई, गहाण टाकता येई. एखाद्या उधळ्या मुलाने ती फुंकून टाकली तर किताब उरे आणि वाडा जाई. हे टाळण्यासाठी वकिलांनी सतराव्या शतकात एक पक्का करार बसवला. बापाला जमिनीचा उपभोग तहहयात, पण विक्रीचा हक्क नाही. पुढचा हक्क थोरल्या मुलाचा. मुलगा २१ वर्षांचा झाला की बापलेकांनी मिळून ही गाठ सोडवता येई, आणि नेमक्या त्याच वेळी बाप त्याच्याकडून नवा करार करून घेई. मुलाला हातखर्चाला वार्षिक रक्कम मिळे, बदल्यात तोही तहहयात उपभोगापुरता धनी होई. अशी दर पिढीला गाठ पुन्हा बांधली जाई. विधवेची नेमणूक, मुलींच्या लग्नाची रक्कम, धाकट्या मुलांचा वाटा, सगळे त्या करारात आधीच लिहिलेले. मुले जन्माला येण्याच्याही आधी.

जेन ऑस्टेनच्या ‘पर्सुएशन’ या कादंबरीतले सर वॉल्टर एलियट हे बॅरोनेट आठवावेत. तीन मुली, मुलगा नाही, वारस दूरचा नातलग. कर्ज इतके की राहता वाडा भाड्याने द्यायची पाळी येते. बॅरोनेटपदाला मात्र कर्जाचा धक्का लागत नाही. ऑस्टेनला ही दुनिया आतून ठाऊक होती. वारसाहक्काच्या कलमांनी मुलींच्या आयुष्याचे काय होते, हे तिच्याइतके नेमके क्वचितच कोणी लिहिले असेल.

आता पुन्हा टिचबोर्नांकडे, कारण ही सगळी कलमे एकाच घरात कशी माणसांच्या अंगावर येतात, हे तिथे दिसते.

या घराण्याची एक दंतकथा आहे. बाराव्या शतकात मरणपंथाला लागलेल्या लेडी मॅबेलाने नवऱ्याकडे गरिबांसाठी दरवर्षी धान्य मागितले. तो म्हणाला, ही जळती मशाल विझेपर्यंत जेवढी जमीन तू फिरून येशील तेवढीचे धान्य. उठवत नव्हते म्हणून ती रांगत निघाली आणि २३ एकरांना वळसा घालून आली. ते शेत अजून ‘द क्रॉल्स’ म्हणून ओळखले जाते. दान बंद पडले तर सात मुलांच्या पिढीमागून सात मुलींची पिढी येईल आणि नाव बुडेल, असे तिने बजावले म्हणतात. १७९६ साली दान थांबले. तेव्हाचे धनी सातवे बॅरोनेट. त्यांना सात मुलगे होते. १८०३ मध्ये जुन्या वाड्याचा काही भाग कोसळला. थोरल्या मुलाला सात मुली झाल्या, तेच आपले सर हेन्री जोसेफ. एडवर्डला एका नातलग बाईची मालमत्ता मिळाली ती आडनाव बदलण्याच्या अटीवर, आणि १८२६ साली तो टिचबोर्नचा डाउटी झाला. जमिनीसाठी आडनाव बदलणे या घराण्यांत नवे नव्हते. पण गावात लोक शाप आठवू लागले, आणि पुढे एडवर्डनेच दान पुन्हा सुरू केले.

जेम्सचा थोरला मुलगा रॉजर. जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच, बोलणे-वाचणे आधी फ्रेंचमधून. चुलतबहीण कॅथरीनवर त्याचे प्रेम बसले. तिच्या आईवडिलांना ते मान्य नव्हते. तो दक्षिण अमेरिकेत निघून गेला आणि एप्रिल १८५४ मध्ये रिओहून ‘बेला’ नावाच्या जहाजात चढला. जहाज बुडाले. १८६२ मध्ये जेम्स वारले, किताब धाकट्या मुलाकडे, आल्फ्रेडकडे आला. फेब्रुवारी १८६६ मध्ये तोही गेला. त्याची पत्नी गरोदर होती.

कायद्याच्या नजरेने ते तीन महिने पाहावेत. वारस गर्भात आहे. मुलगा झाला तर जन्मतःच तो बॅरोनेट. मुलगी झाली तर वारसाचा शोध लांबच्या पात्यांत न्यायचा. कोणाचाही हक्क पक्का म्हणता येत नाही. मे महिन्यात मुलगा झाला आणि पाळण्यातले ते मूल बारावे बॅरोनेट ठरले.

पण रॉजरच्या आईने मुलगा मेला असे कधी मानलेच नव्हते. तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, त्या ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचल्या. वॉगा वॉगा गावातला टॉमस कॅस्ट्रो नावाचा एक खाटीक पुढे आला, मीच रॉजर म्हणाला. जानेवारी १८६७ मध्ये पॅरिसला आईने त्याला पाहिले आणि आपला मुलगा म्हणून पोटाशी धरले. रॉजर सडपातळ होता, हा माणूस खटल्याच्या काळात दीडशे किलोंच्या पुढे गेलेला. रॉजरची पहिली भाषा फ्रेंच, याला ती येत नव्हती. तरी आईचा शब्द होता, एडवर्डच्या जुन्या नोकराने, अँड्र्यू बोगलने त्याला ओळखले होते, आणि गरीब जनता मोठ्या संख्येने त्याच्या बाजूला उभी राहिली.

त्याने दावा लावला तो किताबासाठी नव्हे, टिचबोर्न पार्क हा घराण्याचा वाडा भाड्याने घेऊन राहणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी. हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. किताब मागण्याचा प्रश्नच नव्हता. तो रॉजर असेल तर १८६२ पासून तोच बॅरोनेट होता, आल्फ्रेड कधी बॅरोनेट नव्हताच आणि पाळण्यातल्या मुलाचा हक्क वाऱ्यावर गेला. वर्षाला २०,००० पौंडांहून अधिक उत्पन्नाची जमीनही त्याच्या मागोमाग आली असती. दिवाणी खटला १८७१-७२ मध्ये १०२ दिवस चालला. शाळेत असताना मी रॉजरच्या हातावर गोंदले होते, अशी साक्ष लॉर्ड बेल्यू यांनी दिली. दावेदाराच्या हातावर काहीच नव्हते, आणि दावा तिथे कोसळला. मग खोट्या शपथेचा फौजदारी खटला, १८८ दिवसांचा. हा लंडनच्या वॉपिंगमधला आर्थर ऑर्टन आहे, असे ठरवून ज्यूरीने त्याला दोषी धरले आणि १४ वर्षांची शिक्षा झाली. आई निकालापूर्वीच, १८६८ साली वारली होती. तो १८९८ मध्ये दारिद्र्यात मेला. पेटीवर मात्र नाव होते सर रॉजर टिचबोर्न यांचे.

पाळण्यातल्या मुलाचा वंश आणखी दोन पिढ्या चालला. चौदावे बॅरोनेट सर अँथनी १९६८ साली वारले, मागे तीन मुली. रांग संपली, ३४७ वर्षांचा किताब मिटला. इस्टेट मात्र लेकीच्या वंशाकडे राहिली, आणि गावकऱ्यांना दर २५ मार्चला पीठ वाटण्याची रीतही चालू राहिली. जमिनीने मुलीला आपलेसे केले, किताबाने केले नाही.

या वाटेचा एक फाटा मुंबईत येतो. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालयाच्या नावातले सर जमशेटजी जीजीभाई १८४२ साली नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट; हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. इथे इंग्रजी व्यवस्थेपुढे नवी अडचण आली. पारशी समाजात थोरल्यालाच सगळे देण्याची रीत नव्हती. किताब एका मुलाकडे आणि संपत्ती वाटून गेलेली, असे झाले तर बॅरोनेटाला साजेसे राहणार कसे? म्हणून १८६० साली खास कायदा करून किताबासाठी मालमत्ता विश्वस्तांकडे बांधून ठेवण्यात आली, आणि येणाऱ्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यावे असे ठरले. थोरले चिरंजीव कर्सेटजी अशा रीतीने दुसरे सर जमशेटजी झाले. जुन्या मुंबईच्या इतिहासात हे नाव वेगवेगळ्या साली भेटते तेव्हा माणूसही वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवावे लागते. पेटिट या दुसऱ्या पारशी घराण्यातही तीच रीत आली. पहिल्या सर दिनशांनंतर पद नातवाकडे गेले आणि त्यानेही दिनशा माणेकजी पेटिट हे नाव घेतले. जिनांच्या पत्नी रतनबाई या याच दुसऱ्या सर दिनशांच्या कन्या.

उरला प्रश्न ‘औरस’ या शब्दाचा. १९२६ च्या कायद्याने आईबापांच्या नंतरच्या लग्नामुळे मुलाला औरसपण मिळू लागले, पण किताब त्यातून वगळला. दत्तकाला इंग्लंडच्या कायद्यात मान्यताच त्याच साली मिळाली, आणि दत्तक मुलगा आजही किताबाचा वारस होत नाही. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याच्या गादीचे दत्तकविधान नामंजूर केले, त्यामागची कारणे राज्यविस्ताराची होती. पण ज्या समाजात तो वाढला तिथे दत्तकाने वंश चालतो ही कल्पनाच नव्हती, हेही आपण जाणून असावे.

रक्ताचा हा हट्ट एकविसाव्या शतकात प्रयोगशाळेत पोहोचला. घराणे स्कॉटलंडचे, पण कायद्याचा प्रश्न सगळ्यांचाच. दुसऱ्या चार्ल्सने ५ जानेवारी १६८३ रोजी स्टिचिलच्या रॉबर्ट प्रिंगलला बॅरोनेटपद दिले, त्याच्या पुरुष वंशजांसाठी. आठव्या बॅरोनेटचे लग्न १९०२ मध्ये झाले, १९०३ मध्ये मुलगा झाला, पुढे आणखी मुलगे झाले. १९१९ साली ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने थोरला मुलगा औरस असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि तो नववा बॅरोनेट झाला. त्याचे चिरंजीव सर स्टुअर्ट प्रिंगल हे दहावे. रॉयल मरीन्सचे प्रमुख, १९८१ च्या बॉम्बहल्ल्यात पाय गमावूनही सेवेत राहिलेले सेनानी. कुळाचा इतिहास शोधण्याच्या एका उपक्रमासाठी त्यांनी डीएनए दिला, आणि तो इतर प्रिंगलांशी जुळला नाही. आजीचा थोरला मुलगा आठव्या बॅरोनेटचा नव्हता.

सर स्टुअर्ट २०१३ मध्ये वारले. त्यांच्या मुलाने आणि धाकट्या पातीतल्या चुलतभावाने, दोघांनी हक्क सांगितला. राणीने प्रकरण प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे पाठवले. इतक्या वर्षांनंतर जुनी गोष्ट उकरू नये, असे मुलाच्या बाजूने मांडले गेले. न्यायाधीशांना त्याच्याविषयी सहानुभूती नव्हती असे नाही, पण सनदेतले शब्द त्यांच्यापुढे होते. २० जून २०१६ रोजी त्यांनी डीएनए ग्राह्य धरला आणि किताब धाकट्या पातीकडे गेला, तोही मागील तारखेपासून. सर स्टुअर्ट आणि त्यांचे वडील क्रमांकातून वगळले गेले. चुलतभाऊ अकरावे नव्हे, दहावे बॅरोनेट ठरले. नववे ठरले त्यांचे वडील, जे १९६८ साली वारले ते आपण बॅरोनेट आहोत हे ठाऊक नसतानाच.